मार्लिसची पुन्हा केलेली भाषणकला

कॅन्ससमधल्या आमच्या गावात मार्लिस सकाळी शाळेची बस चालवायची आणि संध्याकाळी माझ्यासोबत कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे गावातल्या दोन वर्षांच्या स्वस्त कॉलेजात शिकायची. भाषणकलेच्या तासाला ती दालचिनीचे रोल आणायची. प्रूइट सर थर्मासमधली कॉफी ओतत गाईचा तोच विनोद दरवेळी सांगायचे.

पुढे ती युनिव्हर्सिटीत गेली, तेव्हा त्यांनी कॉलेजात झालेले तिचे बाकी सगळे विषय मान्य केले, फक्त भाषणकला अडवली. प्रवेशाच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "तिथला दर्जा इथे चालत नाही. हा विषय इथे पुन्हा करा."

मार्लिस धुमसत होती. "बसभर पोरांना गप्प बसवते मी. आणि मलाच बोलता येत नाही म्हणे."

युनिव्हर्सिटीतल्या भाषणकलेच्या पहिल्या तासाला ती मागच्या बाकावर तोंड फुगवून बसली. दार उघडलं आणि थर्मास घेऊन प्रूइट सर आत आले. पोटासाठी ते दोन्हीकडे शिकवायचे.

"मार्लिस? तुला पास केलं होतं ना मी?"

"तुमचा दर्जा इथे चालत नाही म्हणे, सर."

सरांनी शांतपणे कॉफी ओतली. "मला कोणी तसं सांगितलं नाही."

आता सर नाहीत. आम्ही भेटलो की मार्लिस गाईचा विनोद सांगायला घेते, आणि अर्ध्यावरच थांबून कॉफी ओतायला लागते.