बारीक नंबराचा चष्मा

घरातल्या घरात बसून सगळ्यात जास्त जग पाहिलेली बाई अख्ख्या खानदेशात कोण, असं मला कुणी विचारलं, तर मी क्षणाचाही विचार न करता आमच्या भुसावळच्या नणंदबाईंकडे बोट दाखवीन. आणि तेही कसं पाहिलेलं? पलंगावर उताणं पडून, पायावर पाय टाकून, पोटावर शेंगदाण्यांची वाटी ठेवून. आमच्या ह्यांची ही थोरली बहीण. सगळं गणगोत त्यांना अक्का म्हणतं, मीही म्हणते. वय शहात्तर. रेल्वेच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून नोकरी झाली, यजमान गार्ड होते, ते जाऊनही पुष्कळ वर्षं लोटली. एकुलता मुलगा प्रशांत पुण्याला असतो. तो दर फोनला म्हणतो, "आई, आता घर बंद कर आणि इकडे ये." अक्का दर फोनला म्हणतात, "माझं मला करता येतंय तोवर मी भुसावळ सोडत नाही." शेवटी मायलेकांत तह झाला. ज्या दिवशी आईला स्वतःचं काम स्वतः करता येणार नाही, त्या दिवशी बॅग भरायची. तेव्हापासून प्रशांत त्या दिवसावर डोळा ठेवून आहे आणि अक्का त्या दिवसाला दारातून आत येऊ देत नाहीत.

तर जग पाहण्याचं साधन म्हणजे एक चष्मा. दिसायला साधा काळा गॉगल, फक्त काड्या जरा जाड. एका काडीतून वायर निघते ती फोनला जाऊन मिळते, आणि डोळ्यांवर चढवला की समोर हवेत भिंतीएवढा पडदा उभा राहतो. तो दिसतो मात्र लावणाऱ्यालाच. बाकीच्यांना दिसते ती भिंतीकडे बघून गालातल्या गालात हसणारी म्हातारी. प्रशांतने तो स्वतःसाठी घेतला होता. दिवाळीला आला तेव्हा अक्का "बघू तरी" म्हणाल्या आणि डोळ्याला लावला, तो आजतागायत परत दिलेला नाही. भुसावळच्या उन्हाळ्यात फोन तव्यासारखा तापतो, तर अक्कांनी त्यालाही तोड काढली. माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यावर जाड प्लास्टिक घालून फोन त्याला टेकवून ठेवतात. पाहुणा पाणी प्यायला गेला की खोलीतून ओरडा ऐकू येतो, "हळू! माठ हलला की नायिका पडते!"

चष्म्यावरून दुसऱ्याला हसण्याचा मला तसा काही अधिकार नाही, हे आधीच कबूल करून टाकते. कारण पन्नास वर्षांपूर्वी मी शिंदखेड्याहून यावलला नांदायला आले ती चष्मा लावूनच, आणि त्या चष्म्याला नंबर नव्हता. साधी काच होती. मॅट्रिक पास झाल्याची ऐट इतकी होती, की ती नुसत्या चेहऱ्यावर मावेना. म्हणून धुळ्याच्या बाजारातून भावाच्या मागे लागून तो चष्मा आणलेला. मुलगी बघायला आलेली मंडळी दिपली. "शिकलेली दिसते," सासरे म्हणाले, आणि माझं लग्न ठरलं. पुढे चुलीपुढे बसलं की काचेवर धूर धरायचा, भाकरी कुठे आणि तवा कुठे ते कळायचं नाही, तरी बाईसाहेब चष्मा काढतील तर शपथ! एकदा तर डोळे चांगले धडधाकट असताना शेणाच्या पाटीत पाय घातला. मग एका दुपारी बेसावधपणे चष्मा कोनाड्यात ठेवून मी एका झटक्यात सुई ओवली, आणि वर बघते तो दारात अक्का. तेव्हा त्या पंचविशीच्या, नव्याने नोकरीला लागलेल्या, सुट्टीत माहेरी आलेल्या. त्यांनी चष्मा उचलला, स्वतःच्या डोळ्याला लावला, खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझा जीव मुठीत. तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. "काय गं, कसला नंबर आहे तिचा?" अक्कांनी चष्मा पुसून माझ्या हातात दिला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "आई, हिचा नंबर बारीक आहे. आपल्याला कळायचा नाही." त्या दिवसापासून मी या बाईची जन्माची ऋणी.

पण आज विषय माझ्या चष्म्याचा नाही, त्यांच्या चष्म्याचा आहे. घरात सतत काळा गॉगल लावलेला पाहून आळीतल्या बायकांना वाटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या एकेक करून नारळ आणि फळं घेऊन भेटायला आल्या. अक्कांनी कुणालाही "नाही" म्हटलं नाही. "बरं वाटतंय आता," एवढंच सांगून आठ दिवस फळं खाल्ली आणि चष्म्यात सिनेमे पाहिले. शेजारी भागवत सप्ताह बसला तर अक्का सगळ्यांत पुढे, मांडी घालून, नजर हलत नाही. बुवा खूश. संसार कसा मिथ्या आहे हे ते रंगून सांगत होते, आणि अक्का एकदम मोठ्याने म्हणाल्या, "अगं बये, हिंग राहिला ना!" त्या कुठल्याशा बाईची डाळीची फोडणी बघत होत्या. बुवा क्षणभर थांबले, त्यांनाही बहुधा घरची आठवण झाली असावी.

बघण्याच्या बरोबरीने कामही चाले. मांडीवर एक वीतभर कीबोर्ड, त्यावर पदर, आणि पदराखाली दहा बोटं सुसाट. ऑफिसात एवढं टायपिंग केलेलं, की बोटांना अक्षरं तोंडपाठ. कीबोर्डाकडे बघायची गरजच नाही. एकदा आम्ही दोघी यावलच्या बसमध्ये होतो. कंडक्टर तिकीट मागायला आला, तर अक्का समोर हवेत बघत म्हणाल्या, "थांबा जरा, मी बँकेत आहे." तो बिचारा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मावशी, यांच्यासोबत आहात ना तुम्ही? सांभाळून न्या." घरच्या निरोपांनाही अक्का ऑफिसची भाषा सोडत नाहीत. मी विचारलं होतं, "अक्का, लोणच्याची बरणी कधी देता?" उत्तर आलं, "विषय : बरणी परत करणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, बरणीत अद्याप लोणचे आहे."

आणखी एक खोड मागच्या वर्षापासून लागलेली. दार वाजलं की आतून प्रश्न, "कोण? पूर्ण नाव सांगा!" पोस्टमन असो की सख्खा भाऊ, पूर्ण नाव सांगितल्याशिवाय प्रवेश नाही. दारात उभी राहून मीच नवऱ्याचं नाव, आडनाव सगळं सांगायची आणि मनात म्हणायची, म्हातारी रेल्वेतून निवृत्त झाली पण रेल्वे हिच्यातून झाली नाही. पूर्वी माझ्या लुगड्यावरचा हळदीचा डाग फाटकातून ओळखणारी ही बाई, आता मी नवी साडी नेसून गेले तरी अवाक्षर काढत नव्हती. मला वाटलं, सिनेमांनी हिला माणूसघाणी केली. माझी अक्कल तेव्हाही बिननंबरीच होती म्हणायची.

या मे महिन्यात बिबड्या घालायला मी आमच्या आताच्या जळगावच्या घरून चार दिवस त्यांच्याकडे गेले. ज्वारीच्या पिठाच्या त्या पापडांचं काम एकटीला उरकत नाही. सकाळी अक्का आंघोळीला गेल्या आणि मला चष्मा समोर पाटावर पडलेला दिसला. वायर फोनला लावलेलीच होती, आणि फोन टायपिस्टांच्या कागद धरायच्या जुन्या स्टँडवर आडवा ठेवलेला, तोंड खाली तांदळाच्या ताटाकडे. ही दार लावून बघते तरी काय, हे कुतूहल मला दिवाळीपासून होतं. बाथरूमात तांब्याचा आवाज चालू आहे याची खात्री केली आणि चष्मा चढवला. समोर पांढरेशुभ्र दगडच दगड. एकेक दगड उशीएवढा. मला वाटलं, बर्फाच्या डोंगराचा सिनेमा आहे. तेवढ्यात उजवीकडून तपकिरी, सुरकुतलेलं, केळीच्या खांबाएवढं काहीतरी वळवळत आलं. पन्नास वर्षांत मिळवलेली सगळी शुद्ध भाषा सुटली आणि मी माहेरच्या अहिराणीत किंचाळले, "ओ माय व! हाई काय शे?"

"कोण ओरडलं? पूर्ण नाव सांगा!" बाथरूमातून आवाज.

ते माझंच बोट होतं. तोल सावरायला मी हात ताटात टेकला होता. आणि ते दगड म्हणजे तांदूळ. फोनचा कॅमेरा ताटावर रोखलेला, आणि जे ताटात ते शंभरपट मोठं होऊन चष्म्यात. अक्का सिनेमा बघत नव्हत्या, तांदूळ निवडत होत्या.

ओल्या केसांनी बाहेर आल्या. मी चष्मा हातात धरून उभी.

"समोर मधोमध धूर बसलाय गं," त्या म्हणाल्या, भाजीला मीठ जास्त झालंय असं सांगावं तशा आवाजात. "कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. तुझ्याकडे बघितलं की तुझ्या मागचं कपाट दिसतं, तू दिसत नाहीस. जळगावच्या डॉक्टरने सांगितलंय, सगळं जायचं नाही, पण गेलंय ते परतही यायचं नाही. या चष्म्यात मोठं करून घेतलं की कडेकडेने लागतं सगळं. पेपर, बिलं, तांदूळ."

"कुणाला सांगितलंत?"

"तुला. तेही तू चोरून बघितलंस म्हणून. प्रशांतला कळलं की बॅग भरावी लागेल, माहीत आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने प्रशांत न सांगता हजर. आल्या आल्या त्याचं लक्ष पाटावरच्या चष्म्याकडे. "आई, दिवसभर सिनेमे बघून डोळे घालवशील तू. हा मी परत नेणार." वायरीची गुंडाळी करून त्याने चष्मा टेबलावर ठेवलासुद्धा. मी मोठ्या तोऱ्यात स्वयंपाकाचा ताबा घेतला. म्हटलं, आज तांदूळ मी निवडते, माझे डोळे शाबूत आहेत. पहिल्याच घासाला प्रशांतच्या दाताखाली कचकन खडा आला. त्याने आईकडे संशयाने पाहिलं. "तांदूळ कुणी निवडले?" "मी," मी म्हटलं. पण त्याला ते पटलं नाही. तो उठला, बॅगेतून एक पत्रिका काढून आईच्या हातात दिली. "चष्म्याशिवाय वाच बघू. मित्राकडची आहे."

अक्कांनी पत्रिका हातभर लांब धरली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "श्री गणेशाय नमः. आमचे येथे श्रीकृपेकरून, आमचे चिरंजीव यांचा शुभविवाह..." अशा शेकडो पत्रिका त्यांनी आयुष्यात टाइप केलेल्या. वधूपक्ष, वरपक्ष, अगत्य येण्याचे करावे, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं, एका दमात सगळं झालं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

"आई," प्रशांत हळूच म्हणाला, "ही वास्तुशांतीची पत्रिका आहे."

अक्कांनी पत्रिका घडी करून मांडीवर ठेवली, आणि तिच्यावर हात ठेवला. प्रशांत माझ्याकडे वळला. "मामी, तू खरं सांग. आईला दिसत नाही ना?"

माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे. "दिसतं रे," मी म्हटलं. "जरा नंबर बारीक आहे तिचा. आपल्याला कळायचा नाही."

आधी अक्का हसल्या. मग खो-खो हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते पाणी हसण्याचंच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. मग पदराने डोळे टिपून त्या उठल्या, टेबलावरचा चष्मा चाचपून घेतला, वायर फोनला जोडली, चष्मा चढवला, मांडीवर कीबोर्ड घेतला आणि दहा बोटं धावली. प्रशांतच्या खिशात फोन वाजला. त्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला फोन माझ्या हातात दिला, म्हणून पुढचं मी वाचलं.

"विषय : चष्मा परत न करणेबाबत. महोदय, अर्जदारास मधले दिसत नाही, हे खरे आहे. तथापि कडेचे दिसते, आणि अर्जदाराचे सर्व आयुष्य आता कडेलाच आहे. दारातली तुळस, माठ, येणारी-जाणारी माणसे. पुण्यास नेल्यास कडेला काय आहे हे अर्जदारास ठाऊक नाही. सदर चष्मा काढून घेतल्यास तांदूळ, पेपर व घर अशी तिन्ही बंद पडतील. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. आपली विश्वासू, आई."

एवढ्या मजकुरात टायपिंगची एक चूक नव्हती.

"बघू दे मला," प्रशांत म्हणाला आणि आईच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून स्वतः लावला. अक्कांनी स्टँड मांडला, डब्यातला मी निवडलेला तांदूळ ताटात पसरला. "आता सांग, खडा कुठे आहे?" तो शोधत राहिला. मग चष्मा पुन्हा आईच्या डोळ्यांवर गेला, आणि तिने पाच मिनिटांत माझ्या शाबूत डोळ्यांतून निसटलेले चार खडे काढून त्याच्या तळहातावर ठेवले. त्यानंतर त्याने बॅगेचं नाव काढलं नाही. तहात फक्त एक कलम वाढलं. दर गुरुवारी मामीने जळगावहून येऊन जायचं, आणि डॉक्टरकडे आता त्याने सोबत जायचं. अक्का म्हणाल्या, "मंजूर." मला कुणी विचारलंच नाही, पण मलाही मंजूर होतं.

संध्याकाळी तो गाडीला गेला. आम्ही दोघी ओट्यावर बिबड्या गोळा करत होतो. अक्का मध्येच थांबल्या, चष्मा लावला, आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "जरा तुझ्या तोंडासमोर धर गं. दीड वर्ष झालं, तुझ्या जागी कपाटच बघतेय."

मी फोन धरला. माझ्याही नाकावर आता चष्मा आहे, चांगला खराखुरा नंबराचा. अक्का समोर हवेत बघत होत्या, भिंतीएवढ्या माझ्या चेहऱ्याकडे, डावीकडून, मग उजवीकडून, पेपर वाचतात तशा सावकाश, ओळीओळीने.

"म्हातारी झालीस गं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "पण शिकलेली दिसतेस."

माझा हात अवघडून आला होता, तरी मी फोन खाली घेतला नाही.