डॉ. पुरिंगनी पुढे केलेला हात

डॉ. पुरिंग म्हणजे संशयाची पुतळी. मासळीवालीनं "ताजा आहे हो" म्हटलं, की बाई कल्ले उघडून बघणार. चर्चमधले फादर "खोकला गेला" म्हणाले, तरी छातीला नळी लावणार. आमच्या किनाऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी अडतीस वर्षं काढली, निम्मं गाव त्यांच्याच हातांवर जन्मलं. म्हणून दवाखान्यात शिरणारा जो तो आधी वाकून त्यांचा हात आपल्या कपाळाला टेकवायचा. थोरांचा आशीर्वाद घ्यायची आमची रीतच ती. बेड्या घातलेले चोरसुद्धा ती चुकवत नसत.

धरलेला माणूस कोठडीत टाकण्याआधी पोलिसांनी बाईंकडून तपासणीचा दाखला घ्यायचा, असा नियम. चार वर्षांपूर्वी एका गर्दीच्या दिवशी बाईंनी एका कोळ्याला सदऱ्यावरूनच तपासलं आणि 'जखम नाही' लिहून सही ठोकली. तिसऱ्या दिवशी तो कोठडीत मेला. तेव्हापासून पोलिसाचा साधा नमस्कारही बाईंना खोटा वाटायचा.

त्या मंगळवारी सार्जंट विल्मार आर्नेलला घेऊन आला. आर्नेल ट्रायसिकल, म्हणजे मोटरसायकलला जोडलेली भाड्याची गाडी, चालवायचा. आरोप होता होडीचं इंजिन चोरल्याचा. विल्मारनं टेबलावर बिबिंग्काचा, तांदळाच्या गरम केकचा, पुडा ठेवला, तोही डाव्या हातानं. उजवा खिशात.

"आईनं केलाय, डॉक्टरीणबाई. तुम्हाला आवडतो ना!"

"तुझ्या आईला आजच कशी माझी आठवण झाली?"

"काय हो तुम्ही पण! गडी ठणठणीत आहे. पळताना ट्रायसिकलवरून पडला, एवढंच. सही द्या, निघतो."

आर्नेल स्टुलावर ताठ बसला होता. बाईंनी हात पुढे केला. तो हसला, वाकायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. कपाळ काही हातापर्यंत पोचेना. ओठ पांढरे पडले.

"कुठं दुखतंय रे?"

आर्नेलनं दाराकडं पाहिलं. "कुठंच नाही, बाई."

"विल्मार, बाहेर जा."

"कैद्याला एकटं सोडता येत नाही मला."

"मग दाराच्या काचेपलीकडं उभा राहा आणि बघ हवं तेवढं. कान मात्र तुझे इथं नकोत. चल, नीघ!"

दार लागल्यावर बाईंनी सदरा वर केला. डाव्या बरगड्यांखाली काळंनिळं. पोट कडक, नाडी धावतेय.

"खांदा दुखतो?"

"डावा. पण बाई, लिहू नका हो. परत त्यांच्याच हाती जायचंय मला."

डावा खांदा दुखतो म्हणजे प्लीहा फुटली असणार, आत रक्त साचतंय. कोठडीत गेला तर हा सकाळ बघत नाही. आणि लिहिलं, तर आणखी मार खाईल. पण मेलाच, तर मार चुकवून तरी काय उपयोग? त्यांनी दार उघडलं.

"हा कोठडीत जाणार नाही. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात, माझी नर्स सोबत. ऑपरेशन होऊन हा शुद्धीवर येईपर्यंत ती खाटेजवळून हलणार नाही."

"नाटक करतोय तो! वरून फोन आलाय मला, बाई."

"मग 'डॉक्टरनं सांगूनही मी याला कोठडीत नेलं' असं तुझ्या नावानिशी लिही, कर सही आणि ने खुशाल. घे पेन."

विल्मारनं पेनाला हात लावला नाही. ॲम्ब्युलन्स निघाली. संध्याकाळी निरोप आला, ऑपरेशन झालं, आर्नेल वाचला. निरोप ऐकून बाई खुर्चीत बसल्या आणि चक्क रडल्या.

दुसऱ्या दिवशी विल्मार दाखला न्यायला आला. बाईंनी लिफाफा दिला. निघताना लहानपणापासूनची सवय आड आली. तो वाकला, बाईंचा हात उजव्या हातात घेऊन कपाळाला लावला.

बाईंनी तो हात सोडलाच नाही. चारही बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोललेली होती.

"तूही ट्रायसिकलवरूनच पडलास का रे?"

विल्मारनं हात सोडवून पाहिला. बाईंच्या याच हातावर त्याचा पहिला श्वास मोजला गेला होता.

"बस त्या स्टुलावर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खणातून दाखल्याचा दुसरा कोरा फॉर्म काढला.