सगळ्या चाव्या आणा

उद्यमनगरात माझं गॅरेज. पिराजी मिस्त्री म्हटलं की कोणबी बोट दाखवंल. इंजिन म्हणशीला तर डोळं झाकून खोलतो. पण दोन हजार सालानंतर गाड्यांच्या पोटात कॉम्प्युटर आला आणि माझी विद्या पान्यापाशीच थांबली. ते काम संघप्रियाचं. बाप गारगोटीत टेलर, ही आयटीआय करून आलेली. माझ्या शेडच्या कोपऱ्यात तिचं टेबल आणि लॅपटॉप. पहिल्या वर्षी पोरं मला म्हणायची, "मिस्त्री, टायपिंगवाली ठेवलीसा व्हय?" तीच पोरं आता गाडी आडली की "ताई, जरा बघा की" करत उभी असत्यात.

गाडीतला कॉम्प्युटर म्हंजे कंट्रोल बॉक्स; तो जळला की नवा घालायचा, आणि नवा कोरा असतो. त्यात गाडीचा नंबर भरायचा, मग चाव्यांची ओळख करून द्यायची. मधेच बॅटरी उतरली तर बॉक्स मेलाच. म्हणून ती आधी चार्जर लावायची, आणि गाडीच्या दाराला कुणी हात लावला तर मलाबी वरडायची. दर गिऱ्हाइकाला एकच सांगणं: "सगळ्या चाव्या आणा. आज जी दावली न्हाय, तिच्यानं उद्या गाडी चालू व्हायची न्हाय."

एका दसऱ्यानंतर कोडोलीच्या धोंडुबाई गाडी टोचन करून घेऊन आल्या. नवरा गेलेला, गाडी त्यांच्या नावावर. ड्रायव्हर ठेवून शाळेच्या पोरांची ने-आण, म्हंजे वर्दी, करायच्या, त्यावरच घर. पण दुसरी चावी दिराकडं, सयाजीकडं. मनात आलं की हा गाडी काढणार, पोरं रस्त्यावर ताटकळणार. शाळेनं सांगितलंतं, आणखी एक खाडा झाला की वर्दी बंद. आणि खंडेनवमीला गाडी पुजायची म्हणून ह्यानंच बॉनेट उघडून इंजिनावर पाण्याचा पाईप सोडला, वर नारळाचं पाणी. बॉक्स खलास! आरं, आक्कल गहाण ठेवलीस व्हय? वर म्हणतो कसा, आता भंगारात घाला.

नवा बॉक्स घालायच्या आधी संघप्रियानं विचारलं, "मावशी, दुसरी चावी?"

"दिराकडं हाय. आणाय पायजे का?"

"गाडी तुमची. तुम्ही सांगशीला तेवढ्याच चाव्या चालतील."

घरात भांडण पेटणार, हे धोंडुबाईंस्नी कळत होतं. पुढ्यातला चहा गार झाला. मग हातातली चावी पुढं केली. "एवढीच धर, पोरी."

मला तर भ्याच वाटलं. म्हटलं, आता हे लचांड माझ्या दारात येणार.

आलंच की! धोंडुबाई गाडी न्यायला आल्या तवाच सयाजीबी हजर. सरळ शिटावर बसला, आपली चावी फिरवली. स्टार्टर घरघरला, इंजिन काय पेटंना. परत फिरवली, परत तेच. "काय केलंसा गाडीला?" म्हणून माझ्यावरच धावला.

संघप्रिया टेबलावरनं उठलीबी न्हाय. "मालकीणबाई समोर हायत. त्यांस्नी विचारा."

धोंडुबाईंनी डोक्यावर पदर घेतला, दिरापुढं घेत्यात तसा. म्हणाल्या, "भावजी, उतरा. गाडी लागली तर इथनं पुढं मागायची. न्यायची न्हाय."

सयाजी उतरला. ड्रायव्हर बसला, पहिल्या फटक्यात गाडी चालू झाली. शाळा सुटायची वेळ झालती.