मालिम्फोचा दुसरा खोकला

"कोरोनाच झालता न्हवं तुला? का आनखी काय व्हतं?"

"कोरोनाच. सगळ्या गावाला झाला, मला का म्हनून सोडंल?"

असं म्हणून मालिम्फोनं गवताचं गाळणं पिळलं. विचारणारी शेजारीण मादिनेओ हसली आणि दारूचा डबा तोंडाला लावला.

थोरल्या लिम्फोची आई म्हणून ती मालिम्फो. लेसोथोच्या त्या डोंगरात तिच्या ज्वारीच्या दारूला तोड नव्हती. दारू तयार झाल्याचं पांढरं फडकं दारापुढच्या काठीवर चढलं, की मेंढपाळ वाट वाकडी करून यायचे.

कोरोना खरा होता, पण अर्धाच खरा. जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासणीत तो निघाला आणि मग सगळा खोकला त्याच्याच नावावर गेला. ताप उतरला, तिला घरी धाडलं. खोकला काही उतरेना. घामानं रात्री पांघरूण भिजायचं. दुसऱ्यांदा भरती केल्यावर बेडका तपासला, तेव्हा कळलं की टीबी आहे, पहिल्यापासूनच होता. एकाच छातीत दोघं मुक्कामाला. ज्यानं दार बडवलं तो दिसला, गुपचूप बसलेला राहून गेला.

आता ती कणगीमागं उभी राहून गोळ्या गिळायची. तिच्यापासून कुणाला धोका उरला नाही, असं नर्सनं सांगितलं होतं. पण गावाला कोण सांगणार? पलीकडच्या वस्तीवरच्या एका दारूवालीला टीबी झाला, तर बरी झाल्यावरही तिच्या डब्याला कुणी ओठ लावला नाही. फडकं काठीवरच कुजलं.

एवढ्यात लेबोना आला; वडीलधारा म्हणून सगळे त्याला न्ताते म्हणायचे. सोन्याच्या खाणीत उमेदीची वर्षं घालवून परतलेला म्हातारा. बसला, डबा उचलला आणि खोकत सुटला.

"न्ताते, अजून खोकताय?" मालिम्फोनं विचारलं.

"कोरोनाची शेपटी हाय ही. पाला उकळून वाफ घेतोय की, ब्लँकेट डोक्यावरनं घिऊन. नातवंडांस्नी बी आत वडतो. त्येंची बी छाती मोकळी व्हती."

मालिम्फोचा हात थांबला. ब्लँकेटखालची कोंदलेली वाफ, चिकटून बसलेली पोरं, मधोमध हा खोकला. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरनं तो तिनं ऐकला होता, स्वतःच्या छातीतनंही.

"बेडका तपासून घ्या."

"तपासलं की! नाकात काडी घातली, कोरोना निघाला. एका मानसाला किती रोग देनार हाईस बाई?"

मादिनेओ आणि बाकड्यावरचे दोघे मेंढपाळ, सगळी हसली.

"दोन," मालिम्फो म्हणाली. "मला दोन व्हते. दुसरा टीबी."

हसू जागच्या जागी विरलं. मादिनेओनं डबा खाली ठेवला, हात शालीला पुसले आणि उठली. तिच्यामागं ते दोघे मेंढपाळही.

"आन तू आमास्नी पाजत बसलीस?" लेबोना कडाडला.

"त्यो डब्यातनं न्हाई येत, खोकल्यातनं येतो. माजा गोळ्यांनी दबलाय. तुमचा असंल तर पोरं त्येच्यासंगं ब्लँकेटात बसत्यात."

म्हाताऱ्यानं हातातला डबा खाली ठेवला.

"खानीत आमच्या खोलीतली निम्मी मानसं ह्येनंच गेली," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, म्या सुटलो." मग घसा खाकरून, "बेडका कवा द्यायचा?"

"सकाळी उठल्या उठल्या. दारूच्या तर लईच आदी."

"जीभ लई चालती तुजी. संगं येशील?"

"उद्या येते. पन आजपास्नं पोरं वाफंला न्हाईत."

त्यानं मान डोलवली, ब्लँकेट आवळलं आणि उतारानं चालता झाला. बाकड्यावर कुणी उरलं नाही. काठीवरचं फडकं तिनं काढलं नाही. रांजणात निम्मी दारू गाळायची राहिली होती. तिनं गाळणं पुन्हा बुडवलं.