कोरडा मंगळवार

देव नाही असं मी कधीच म्हटलं नाही. पण त्याच्यावर भिस्त टाकून बसायची माझी तयारी नव्हती. सकाळी दिवा लावायचा, हात जोडायचे आणि लगेच वळून पिंपाचं झाकण उचलून पाणी किती उरलंय ते बघायचं, हा माझा क्रम. खरं सांगायचं तर माझं मन शांत व्हायचं ते दिव्याकडे बघून नाही, पिंपात बघून.

याला कारण होतं. मी नऊ वर्षांची असताना आमच्या कोकणातल्या गावी खाडीचं पाणी घरात शिरलं. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ माळ्यावर चढून बसलो. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. तिसऱ्या दिवशी आईला जरा डोळा लागला तेव्हा भाऊ खाली वाकून ते गढूळ पाणी ओंजळीनं प्यायला. मी बघत होते. अडवलं नाही, कारण मलाही प्यायचं होतं. माझी पाळी यायच्या आत आई जागी झाली. पाणी ओसरल्यावर दोन दिवसांत तो जुलाबांनी गेला. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. फक्त मनाशी ठरवलं होतं की माझ्या घरात असं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

लग्न करून मी घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत आले. पत्र्याचं छप्पर, एक खोली, मागे हातभर मोरी. नळ खाली रस्त्याजवळ, तिथून हंडे घेऊन सत्तर पायऱ्या चढायच्या. अशा घरातही मी तजवीज केली होती. आत एक मोठं पिंप, मागच्या बाजूला दुसरं. तांदळाच्या डब्यांत कडुलिंबाचा पाला. रॉकेलचा डबा वेगळा, त्याला कोणी हात लावायचा नाही. बरणीत काडेपेट्या, मेणबत्त्या, मीठ-साखरेच्या पुड्या, तापाच्या गोळ्या. रेशनकार्ड आणि दाखले मेणकापडात गुंडाळलेले. दाराशी खुंटीला एक पिशवी कायम भरलेली, तिच्यात तिघा मोठ्यांचे आणि सुनूचे एकेक जोडी कपडे, टॉवेल, पेला, चमचा. सुनू म्हणजे माझी मुलगी, तेव्हा पहिलीत होती. दर शनिवारी मी सगळं काढून तपासायची. सासूबाई कोपऱ्यात बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "देवासाठी पण कायतरी ठेव गो. सगळा तूच केलंस तर तो काय करतलो?" मी हसून सोडून द्यायची.

ऐंशी सालानंतर चार-पाच वर्षांनी असेल, एका जुलैत आठवडाभर पाऊस लागून राहिला आणि डोंगराचा एक लचका सुटून खाली आला. माणसं वाचली, पण पायऱ्या गेल्या आणि खालची पाण्याची लाइन फुटली. जवळजवळ तीन आठवडे नळ कोरडा. बायका घसरत, चिखलातून वाट काढत पार पलीकडच्या वस्तीतून पाणी आणत होत्या. माझ्या घरी दोन्ही पिंपं काठोकाठ भरलेली होती, शिवाय पत्र्याची पागोळी मी मागच्या पिंपात सोडली होती. त्या दिवसांत मला भीती वाटत नव्हती. उलट, आज लिहितानाही लाज वाटते, पण मला समाधान वाटत होतं. बघा, मी सांगत नव्हते का, असं काहीतरी.

शेजारी शेवंता राहायची. जालन्याकडची, बौद्ध घरातली, नवरा गोदीत कामाला, घरात म्हातारे सासरे. आमचं चांगलं होतं, तूतू-मीमी न होता आठ वर्षं भिंतीला भिंत लावून काढली होती. दुसऱ्या दिवशी ती कळशी घेऊन आली, मी भरून दिली. चौथ्या दिवशी पुन्हा आली.

"सुनूची आई, बाबांना खोकला लागलाय गं. एवढी एक कळशी दे, उद्या आणून ओतते."

"माझ्याकडे पण माणसं आहेत शेवंता. किती दिवस चालणारेय कोणाला ठाऊक."

तिनं माझ्या खांद्यावरून आत बघितलं. पिंप दिसत होतं. रिकामी कळशी कमरेवर घेऊन तशीच पावसात खाली उतरली. तिचे पाय चिखलात रुतताना मी दारातून बघितलं, आणि दार लावून घेतलं.

पुढे लाइन दुरुस्त झाली, नळाला पाणी आलं. आतलं पिंप मी धुऊन भरलं. मागचं मात्र ओतवलं नाही. एवढं साठवलेलं पाणी फेकून द्यायचं मनाला पटेना. पुन्हा तुटवडा आला तर? त्याचं झाकण मोडलं होतं, म्हणून वर गोणपाट टाकलं आणि राहू दिलं.

गणपती झाल्यावर वस्तीत ताप सुरू झाला. आधी शेवंताचे सासरे पडले, मग वरच्या आळीतले दोघे, मग सुनू. हुडहुडी भरून यायची, दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे, मग घाम सुटून ताप उतरायचा. एक दिवस बरी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी हवापालटाचा ताप म्हणून गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी सकाळी मी तिला पेज भरवायला बसले तर ती माझ्याकडे बघत होती आणि मला ओळखत नव्हती. "आजी," ती मला म्हणाली. मग डोळे वर गेले आणि हातपाय ताठ झाले.

दोन मिनिटांत मी तयार होते. खुंटीवरची पिशवी खांद्याला, मेणकापड पदरात, मुलगी नवऱ्याच्या पाठीवर. अशा वेळेसाठीच तर मी इतकी वर्षं जय्यत तयारी केली होती. मोठ्या हॉस्पिटलात पोचलो, रक्त तपासलं, तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मेंदूला चढलेला मलेरिया आहे. वॉर्डात खाटा भरलेल्या, सुनूला दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी घालून दिली. सलाइन लावलं. त्यातून क्विनीन द्यायला सुरुवात झाली. मी पिशवी उघडली. टॉवेल, पेला, चमचा, मीठ-साखर. सगळं जिथल्या तिथे होतं आणि त्यातलं काहीही तिच्या कामाचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई माझ्याजवळ खाली बसल्या. म्हणाल्या, "वॉर्डातलं इंजेक्शन संपलंय. बाहेरून आणावं लागेल. दुपारी दोनचा डोस चुकायला नको." त्यांचा चेहरा ओढलेला होता, त्यांनी तो लपवला नाही. चिठ्ठी घेऊन माझा नवरा धावला. समोरच्या दुकानात नव्हतं, त्याच्या पुढच्यातही नव्हतं. त्या महिन्यात सगळ्या मुंबईत ताप होता. तो दादरकडे गेला, तिथून भायखळ्याला जातो असा कोणाकरवी निरोप पाठवला.

बारा वाजले, एक वाजला. सुनूचा श्वास घोरल्यासारखा येत होता. मी देवाचं नाव घ्यायला लागले, पण खरं बोलायचं तर ती प्रार्थना नव्हती. मी त्याला कामं सांगत होते. ह्यांना अमुक दुकानात पाठव, तिथे औषध ठेव, बस वेळेवर आण. जशी शनिवारी डबे तपासायची तसं एकेक. मग कधीतरी यादी संपली. पुढे मागायला काही सुचेना. मला भाऊ दिसला, वाकून पाणी पिताना. शेवंताची कळशी दिसली. मी भिंतीला डोकं टेकून मनात एवढंच म्हणाले की आता माझ्याकडे काही नाही. त्यात भक्ती नव्हती की श्रद्धा नव्हती. फक्त जे होतं ते मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात, माझ्या डोक्यात कशाचाही साठा नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. कोणीतरी माझ्या समोर येऊन उभं राहिलं. पन्नाशीची बाई, अंगावर चुरगळलेलं हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. डोळे कोरडे होते, पण सुजलेले.

"तुझ्या पोरीला तेच आहे ना, डोक्यात चढलेला ताप?"

मी मान हलवली. तिनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आत काचेच्या कुप्या होत्या. पाच.

"माझ्या लेकीसाठी आणल्या होत्या. पलीकडच्या वॉर्डात होती. सकाळी गेली." ती थांबली. "तिला आता नको. घे."

कुप्या घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे पळाले. त्यांनी एकेक उजेडात धरून बघितली, नाव वाचलं, तारीख वाचली आणि सुनूकडे निघाल्या. घड्याळात दोनला पाच मिनिटं होती. औषध सलाइनमधून उतरायला लागल्यावर मी मागे वळले. ती बाई गेली होती. मी व्हरांड्यात, जिन्यात, खाली आवारात शोधलं. एक शववाहिनी फाटकातून बाहेर पडत होती. तिच्यात ती होती की नाही ते मला दिसलं नाही. माझा नवरा संध्याकाळी परतला, तेव्हा त्याच्या हातात तीन कुप्या होत्या. पाच आणि तीन मिळून सुनूचं औषध पुरं झालं. सहाव्या दिवशी तिनं मला "आई" म्हणून हाक मारली आणि भूक लागली म्हणाली.

याला लोक चमत्कार म्हणतात. मी म्हणत नाही. एकीची लेक नेऊन दुसरीची वाचवायची असा हिशेब देव करत असेल तर मला तो देव नको. या विचारानं मी किती दिवस दिवासुद्धा लावला नाही. पण मग वाटायचं, लेकीचं प्रेत अजून खाटेवर असताना त्या बाईला दुसऱ्या कोणाची मुलगी आठवली, ती कुठून? तिनं कुप्या तिथेच टाकून दिल्या असत्या तर कोणी तिला नाव ठेवलं नसतं. तिच्याजवळ जे उरलं होतं ते तिनं झाकून ठेवलं नाही. मला एवढाच देव कळला. त्याहून मोठा समजून घ्यायची माझी ताकद नाही.

आम्ही घरी आलो त्या सकाळी वस्तीत मलेरिया खात्याचा माणूस फिरत होता. सुनूचं नाव हॉस्पिटलातून गेलं असणार. त्यानं मागच्या पिंपावरचं गोणपाट उचललं, डावानं पाणी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. शेकडो.

"किती दिवसांचं पाणी आहे, बाई?"

मला दिवसांसकट माहीत होतं. मी सांगितलं. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, सासूबाई देवापुढे मान खाली घालून बसल्या, आणि माझ्या नवऱ्यानं पिंप आडवं केलं. एवढ्या मायेनं साठवलेलं ते पाणी मोरीतून वाहून गेलं. जे मी माझ्या माणसांसाठी राखलं होतं त्यानंच माझी मुलगी जवळजवळ नेली होती.

आणि भिंतीपलीकडे शेवंताचे सासरे, आम्ही हॉस्पिटलात असताना, त्याच तापानं गेले होते.

मी तीन दिवस तिच्या दाराकडे बघितलं नाही. चौथ्या दिवशी गेले. ती तांदूळ निवडत होती. मी उंबऱ्यातच बसले आणि सगळं सांगितलं, पिंपाचं, अळ्यांचं. भावाचंही सांगितलं, जे कोणाला सांगितलं नव्हतं. तिचा हात ताटात थांबला. मग ती म्हणाली,

"तुझ्याच पिंपातला डास बाबांना चावला कशावरून? डासाच्या अंगावर काय नाव लिहिलेलं असतं? डबकी काय कमी होती का डोंगरावर?" तिनं ताट बाजूला ठेवलं. "त्याचं मी तुझ्यावर घालणार नाही. पण मी दारात उभी होते आणि तू पाणी नाही दिलंस. ते मी विसरले नाही बघ."

"विसरू नकोस," मी म्हणाले. मग ती रडली आणि मीही. तिनं मला माफ केलं की नाही हे मी आजवर विचारलेलं नाही.

मलेरियावाल्यानं सांगितलं होतं की आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी रिकामी करा, घासा, उन्हात पालथी घाला. शेवंतानं आणि मी घरोघर जाऊन ते सांगितलं. आम्ही दोघींनी आपापले वार मुद्दाम वेगळे ठेवले, तिचा शुक्रवार, माझा मंगळवार. तांदूळ, रॉकेल, औषधं मी अजून ठेवते. संकट येतंच, आणि तयारी करणं हे माणसाचं कामच आहे. पण मंगळवारी सकाळी दोन्ही पिंपं पालथी घालते आणि संध्याकाळी चारला नळ येईपर्यंत घरात घोटभर पाणी नसतं. पहिल्या मंगळवारी मी सारखी उठून पालथ्या पिंपांकडे जाऊन येत होते. आता त्या वेळात मी देवापुढे बसते. काही मागत नाही. त्या बाईच्या लेकीसाठी हात जोडते. तिचं नाव मला माहीत नाही, म्हणून नुसतं "लेक" म्हणते.

कधीकधी चारला नळ येत नाही. मग मी तांब्या घेऊन शेवंताच्या दारात जाऊन उभी राहते. पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं होतं. मग आत जाऊन काठोकाठ भरून आणून दिला. तेव्हापासून ती एकदाही नाही म्हणालेली नाही. ते पाणी मी दोन्ही हातांनी घेते, आणि घरी येऊन आधी सासूबाईंना देते, मग सुनूला, आणि उरलं तर मी पिते.