सदरचा दोरा, कुहीची शेगडी

मी कुहीला गेले ती एका शेगडीपायी. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझी मोठी बहीण शांताताई नागपूरजवळच्या कुही गावच्या दवाखान्यात नर्स होती. आमच्या घराण्यातली पहिली पगारदार बाई! ती यमुनाबाई नावाच्या घरमालकिणीकडे एका खोलीत राहायची. स्वयंपाक असो की बाळंतपणाला न्यायची कात्री उकळणं असो, सगळं तुसाच्या शेगडीवर. तूस म्हणजे धान भरडल्यावर उरणारं टरफल. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती तूस ठासून भरायचं आणि बाटली अलगद काढून घ्यायची. मधल्या पोकळीत जाळ धरतो. धूर बाहेर न्यायला पत्र्याच्या नळ्या थेट छपरापर्यंत.

पण नळ्यांच्या सांध्यांतून धूर खोलीतच यायचा. वर डांबरासारखं काळं पाणी ठिबकायचं, तेही नेमकं यमुनाबाईंच्या पांढऱ्या भिंतीवर. त्यांनी खोली सोडायला सांगितली. दुसरी खोली गावात मिळेना. आमची आजी चुलीपुढे खोकून खोकून गेलेली, त्यामुळे धूर म्हटला की बाबांचं डोकं फिरायचं. त्यांनी फर्मान काढलं, "रविवारपर्यंत धूर थांबला नाही, तर नोकरी सोडून घरी ये म्हणा तिले!"

ताईचं पत्र आलं. "मले नोकरी सोडायची नाही वं. तू सायन्स शिकून राहिली ना? काहीतरी कर."

घ्या! माझं सायन्स म्हणजे परीक्षानळी फोडण्यापुरतं. तरी शनिवारी सकाळी प्रताप नगरच्या घरून सायकल हाणत सदर बाजाराला गेले. वाटेत तर्री-पोहे खाल्ले, रिकाम्या पोटी मला काही सुचत नाही. तिथे बॉयलरचं सामान विकणारं एक दुकान होतं. गल्ल्यावर जाड चष्म्याचे एक म्हातारे काका बसलेले.

"आधी माती लावली, ती तडकली," मी सांगितलं. "मग सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, तर वितळून घरभर घाण वास."

"तडकणारच ना बेटा. पत्रा तापला की फुगते, निवला की आकसते. माती कुठं फुगते त्याच्यासंगं?" त्यांनी बोटाएवढा जाड, करडा दोरा काढला. "हा अॅसबेस्टॉसचा. जळत नाही, दाबला की दबते, फट भरून काढते."

(तुम्ही हे वाचून शेगडी बसवायला निघाला असाल, तर हात जोडून सांगते, अॅसबेस्टॉसला हात लावू नका. ते फुप्फुसांना घातक असतं, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आता काचतंतूचा दोरा मिळतो.)

मी निघणार तोच त्यांनी विचारलं, "काळं पाणी सांध्यातून बाहेर येते का?"

"हो."

"नळ्या कोणी बसवल्या?"

"माझ्या बाबांनी."

"कवेलू फेरतात का ते?"

मी चाटच पडले. बाबा खरंच वीस वर्षं लोकांची कौलारू छपरं शाकारत होते. "तुम्हाले कसं कळलं?"

काकांनी दोन कागदांच्या सुरळ्या करून एकीत एक घातल्या. "कवेलूवर पाणी बाहेरून वाहते, म्हणून वरचं खालच्यावर चढवतात. नळीत ते आतून वाहते. वरची नळी खालच्या नळीच्या आत गेली पाहिजे. तुमच्या बाबानं उलट्या चढवल्या. पलटवल्याबिगर हा दोरा काही कामाचा नाही."

बापरे! म्हणजे ज्या धुरापायी बाबा ताईला घरी बोलावत होते, तो त्यांच्याच हातचा. बाबांच्या कामात आजवर कोणी खोट काढली नव्हती. त्यांना हे सांगणार कोण?

इतवारी स्टेशनवरून छोट्या लाईनची, म्हणजे नॅरोगेजची, गाडी धरली. ती आता बंद झाली, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तिकीट किरकोळ, वेग त्याहून किरकोळ. समोरची बाई उकडलेले शिंगाडे विकत होती. दोन ओंजळी घेतल्या. तिचं लक्ष माझ्या थैलीवर.

"काय आहे वं? साप आहे का?"

"दोरा आहे."

"बैलाले?"

"शेगडीले!"

अख्खा डबा हसला. एका आजोबांनी तर दोरा हातात घेऊन, ओढून पाहून, माझी पूर्ण उलटतपासणी घेतली.

कुहीला पोचले तेव्हा धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांवर ऊन पसरलं होतं. यमुनाबाई कमरेवर हात ठेवून दारातच उभ्या. मी आणि ताईने नळ्या उतरवल्या, काजळी खरवडली, प्रत्येक नळी पलटवली आणि सांध्यांत दोरा ठासला. दोघी भुतासारख्या काळ्या झालो. शेगडी पेटवली. मी उदबत्ती घेऊन एकेका सांध्यापाशी धरली. सांध्यातून धूर येत असता तर तिची रेघ हलली असती. रेघ सरळ वर गेली. तासाभराने भिंत चाचपली, कोरडी ठणठणीत!

"आता भिंत कोण पोतन?" यमुनाबाई म्हणाल्या.

"मी चुन्यानं पोतून देते," ताई म्हणाली.

"मंग राहा."

रात्रीच्या जेवणाला नव्या तांदळाचा भात आणि वांगं-पोपट. पोपट म्हणजे वालाचे दाणे, घाबरू नका. खाता खाता ताई म्हणाली, "बाबाले तूच सांग. मी सांगितलं तर म्हणतील, नोकरी लागली तर पोरगी बापाच्या चुका काढून राहिली."

रविवारी दुपारी घरी पोचले. बाबांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं. सांध्यांत दोरा ठासला, धूर थांबला, एवढं सांगितलं; तेवढ्यावर सुटता आलं असतं. पण ते म्हणाले, "दोरा चांगला निघाला म्हणायचा." मला खोटं बोलवेना. मी वही फाडून दोन सुरळ्या केल्या आणि काकांसारख्याच एकीत एक घातल्या.

बाबांनी त्या हातात घेतल्या. आत-बाहेर करून पाहिल्या.

"म्हणजे पोरीले मीच धुरात ठेवलं," ते म्हणाले. मला रडूच आलं.

कुहीने मला काय दिलं, असं कोणी विचारलं तर भात, शिंगाडे, छोटी गाडी सगळं सांगते. पण मनात राहिली ती त्या दिवसाची संध्याकाळ. घरातली सगळी पत्रं बाबा मला सांगत आणि मी लिहीत असे. साक्षरतेच्या वर्गात उतारवयात शिकलेल्या अक्षरांची त्यांना लाज वाटायची. त्या संध्याकाळी त्यांनी पोस्टकार्ड घेतलं, मला बाजूला सारलं आणि मोठ्या वाकड्या अक्षरांत स्वतः लिहिलं, "शांता, चूक माझी होती. तू तिथंच राहा."