ग्रामसभेच्या सकाळी फुटलेली पाळ

मोहाडीजवळच्या त्या गावाची आठवण आजही निघते. गेल्या महिन्यात माझ्या जुन्या हवालदाराला कारध्याच्या घाटावर अखेरचा निरोप देऊन आलो, तेव्हापासून ती वारंवार निघते. त्या प्रकरणात खरे डोळे त्याचे होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी तिथे फौजदार होतो. गावचा तलाव गळत होता. पंचायतीने कर्ज काढून तो दुरुस्त करावा आणि जमिनीवर पट्टी बसवून कर्ज फेडावे, असा ठराव ग्रामसभेपुढे होता. गावाने हात वर करून कौल द्यायचा. पण ग्रामसेवकच घरोघर फिरून ‘हो म्हणा’ सांगत होता. दाखला मागायला आलेल्याला आधी त्याचे मत विचारत होता.

सभेच्या दिवशी सकाळीच तो ठाण्यात आला. तलावाची पाळ कोणीतरी फोडली होती. त्याने ठरावाच्या कडव्या विरोधकाचे, एका शेतकऱ्याचे, नाव घेतले. ‘कर्ज घ्यान त पार फोडून टाकीन,’ असे तो चहाच्या टपरीवर बोलला होता; तिकडे पाळीला पारच म्हणतात. साक्षीदार तयार होते. मी त्याला ठाण्यात आणले. धान निसवायला, लोंब्या धरायला आलेले आणि पाणी वाहून गेलेले. बाहेर जमाव त्याच्या जिवावर उठला होता.

“बोललो जी, रागात बोललो,” तो म्हणाला. “पन माहं धान बी त्याच पान्यावर हाये. माह्याच पोटावर कुदळ मारीन काय?”

“साहेब, सभा होईपर्यंत याले आतच ठेवा,” ग्रामसेवक पुन्हा पुन्हा सांगत होता. ती घाई मला खटकली.

पंचनाम्याला गेलो. हवालदार फुटलेली जागा सोडून पाळीवरच्या देवाच्या दगडापाशी बसला.

“साहेब, शेंदूर ओला हाये. नारळ बी ताजा. दुश्मनीनं पार फोडनारा पूजा करते काय?”

पाळीला कुदळ लावण्याआधी त्या देवाला नारळ देणारा गावात एकच होता: पाणी सोडणारा, पंचायतीचा पाटकरी. त्याला समोर बसवून मी एवढेच विचारले, “नारळ कोणाचा?”

 तो रडू लागला.

“माहाच. देवाले पुसल्याबिगर पार कशी फोडू जी? ग्रामसेवक साहेब म्हने, थोडीशीच उकर, लोकायले धाक बसला पायजे, मंग सारे हो म्हनतीन. पन पान्यानं आयकलं नाही.”

ग्रामसेवकाने नाकारले नाही. “गावाच्या भल्यासाठीच केलं, साहेब. आज सभा होऊ द्या, उद्या मले न्या.”

मी थांबलो नाही. त्याला अटक केली आणि शेतकऱ्याला जीपमधून थेट सभेत नेऊन घडले ते सांगितले. सकाळी त्याला शिव्या घालणाऱ्यांनी माना खाली घातल्या. ठराव वाचला गेला. बाजूने एकही हात वर झाला नाही.

सरकारी माणसाने आपले मत खुशाल द्यावे. दुसऱ्याचे मत वळवायला खुर्ची वापरू नये. हे मी तिथे शिकलो. पण एवढ्याने समाधान होत नाही. पुढच्या हंगामात तोच शेतकरी बाजारात भेटला.

“साहेब, थो ठराव आता पुन्हा कोन आननार? फुटली जागा आमीच बुजवली, पन पार त अजून गळूनच रायली.”